राहत्या घरातली तोडफोड आणि धूळ: एअर स्क्रबर व हेपा फिल्टरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅटचं नूतनीकरण, जुन्या वाड्याची डागडुजी, पुराचं पाणी ओसरल्यावरची साफसफाई: या कामांत हवा गाळणाऱ्या यंत्रांची चौकशी हल्ली बरीच होते. पण ती बहुतेकदा काम सुरू होऊन दोन दिवस झाल्यावर, म्हणजे देवघरापासून फ्रिजपर्यंत सगळं पांढरं झाल्यावर. खालची उत्तरं हातोडा पडायच्या आधी वाचावीत.

एअर स्क्रबर म्हणजे नेमकं काय?

पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा खोका, आत ताकदीचा पंखा आणि पंख्याच्या तोंडाशी एकामागे एक फिल्टर. पहिला जाडसर प्री-फिल्टर मोठी धूळ अडवतो, मधला त्याहून बारीक आणि शेवटचा हेपा अगदी सूक्ष्म कण धरतो. गाळलेली हवा त्याच खोलीत सोडली तर त्याला स्क्रबर म्हणतात. त्याच यंत्राला मागून लवचीक पाइप जोडून हवा खिडकीबाहेर काढली, तर खोलीतला दाब बाहेरपेक्षा किंचित कमी होतो आणि ते निगेटिव्ह एअर मशिन ठरतं. दोन्ही कामं एकाच यंत्राची, पण उपयोग वेगळा. खोलीतल्या खोलीत हवा फिरवली तर ती स्वच्छ होते. बाहेर काढली तर धूळ शेजारच्या खोलीत जायची थांबते. घरात माणसं राहत असतील तर गरज असते ती दुसऱ्या प्रकाराची, आणि नेमकं तेच कोणी मागत नाही.

घरी एअर प्युरिफायर आहे. तोच लावला तर?

काम चाललेल्या खोलीत लावू नका. घरचा प्युरिफायर शहरातल्या नेहमीच्या प्रदूषणासाठी बनवलेला असतो. भिंतीत झिऱ्या (वायर-पाइपसाठीच्या खाचा) मारताना किंवा पुट्टी घासताना उडणारी धूळ त्याचा फिल्टर एका दिवसात बुजवते, शिवाय ती मोटरमध्ये आणि सेन्सरवर जाते. त्याला पाइप जोडायची सोय नसते, त्यामुळे खोलीत कमी दाबही तयार होत नाही. तुम्ही झोपता त्या बंद खोलीत मात्र तो जरूर चालू ठेवा. तिथे तो चोख काम करतो.

मशिन आणलं की धूळ होणारच नाही ना?

होणार. मशिन हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. ग्राइंडरने कोरडी लादी कापली तर क्षणात ढग उठतो, आणि शेजारी कितीही मोठं मशिन असलं तरी तो ढग आधी कापणाऱ्याच्या नाकातून जातो.

धूळ जिथे निर्माण होते तिथेच ती अडवायची असते. लादी-ग्रॅनाइट पाण्याची धार धरून कापायचं, आणि जमलं तर घरात न कापता खाली किंवा गच्चीवर. झिऱ्या मारायच्या ग्राइंडरला धूळ ओढणारं झाकण आणि व्हॅक्यूमचा पाइप जोडता येतो. पुट्टी घासायचे असे व्हॅक्यूमवाले सँडरही मिळतात. राडारोडा ओला करून गोणीत भरायचा, कोरडा फावड्याने ढकलायचा नाही. झाडू तर पूर्ण बंद. खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत उडवायचं झाडूइतकं हमखास साधन दुसरं नाही. व्हॅक्यूम वापरा, नाहीतर ओलं पुसून घ्या. एवढं करूनही जी धूळ हवेत राहते, तिच्यासाठी स्क्रबर.

जी दिसते ती धूळ खाली बसतेच. मग एवढा बाऊ कशाला?

बसते ती जाड धूळ. केसाच्या जाडीएवढा कण डोक्याच्या उंचीवरून काही सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काही मिनिटं लागतात. १ मायक्रॉनचा कण मात्र अगदी शांत हवेतसुद्धा तासन्‌तास तरंगतो, आणि घरातली हवा शांत कधीच नसते. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात ते हेच न दिसणारे कण. खात्री करायची असेल तर रात्री खोलीत अंधार करून टॉर्चचा झोत आडवा मारून बघा. स्वच्छ वाटणाऱ्या हवेत काय काय तरंगतंय ते दिसेल.

खरी काळजी सिलिकाची. वाळू, काँक्रीट, विटा, ग्रॅनाइट, काही फरश्या या सगळ्यांत स्फटिक रूपातला सिलिका असतो. तो वर्षानुवर्षं श्वासात गेला तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. आपल्याकडे सिलिकोसिस हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत मोडतो. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीत श्वासाच्या हवेत सरासरी ५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही सिलिकाची कमाल मर्यादा आहे. मिठाच्या एका कणाएवढी धूळ घनमीटरभर हवेत विखुरली की मर्यादा गाठली, असं साधारण समजा.

सध्या किचनच्या ओट्याला कृत्रिम क्वार्ट्‌झची फॅशन आहे. त्यात सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वरही असू शकतं. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवण्या-वापरण्यावर बंदी घातली, ती तो कापणाऱ्या तरुण कारागिरांची फुप्फुसं निकामी होऊ लागली म्हणून. बसवलेल्या ओट्यापासून घरच्यांना धोका नाही. धोका तो कोरडा कापणाऱ्याला आहे. तुमच्या घरात सिंकचं भोक कोरड्या कटरने पाडलं जात असेल तर काम थांबवा.

हेपा ०.३ मायक्रॉनपर्यंतचेच कण पकडतो. त्याहून बारीक निसटतात का?

हा गैरसमज फार पसरलाय. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण फिल्टरला धरायला सर्वांत अवघड, म्हणून मोजमाप तिथे करतात. अमेरिकी व्याख्येनुसार तिथे किमान ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत. युरोपीय पद्धतीत एच१३ या दर्जासाठी सर्वांत अवघड आकाराच्या कणांवर ९९.९५ टक्के. याहून मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात. याहून बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरतात आणि फिरता फिरता तंतूला चिकटतात. म्हणजे दोन्ही बाजूंना कामगिरी सुधारतच जाते.

खोक्यावर ‘हेपा-टाइप’ किंवा ‘हेपा-लाइक’ लिहिलं असेल तर ते हेपा नव्हे. आणि अस्सल हेपासुद्धा चौकटीत नीट बसला नाही, रबरी गॅस्केट चेपलं किंवा फाटलं, तर हवा फिल्टरला वळसा घालून कडेने निघून जाते.

आमच्या घराला किती मोठं मशिन लागेल?

गणित सोपं आहे. लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा. तासाला हवा किती वेळा बदलायची त्या आकड्याने गुणा आणि ६० ने भागा. उत्तर येईल ते सीएफएम, म्हणजे मिनिटाला घनफूट. साध्या तोडफोडीला तासाला ६ वेळा हवा बदलणं हा कामचलाऊ आकडा धरा. अमेरिकेत अ‍ॅस्बेस्टॉस (सिमेंटच्या पत्र्यांतले अपायकारक तंतू) काढताना बंदिस्त भागासाठी किमान ४ वेळा आणि पाण्याच्या ०.०२ इंच उंचीच्या दाबाएवढा, म्हणजे सुमारे ५ पास्कल, कमी दाब असा नियम आहे.

१२ बाय १० ची, १० फूट उंच खोली म्हणजे १,२०० घनफूट. सहा वेळा बदलायची तर १२० सीएफएम. ६५० चौरस फूट कार्पेटचा, साडेनऊ फूट उंचीचा अख्खा फ्लॅट म्हणजे ६,१७५ घनफूट, त्याला सुमारे ६२० सीएफएम.

आता ग्यानबाची मेख. मशिनवर लिहिलेला आकडा बहुधा कोऱ्या फिल्टरचा, पाइप न जोडता मोजलेला असतो. पाइपला दोन वळणं आली आणि प्री-फिल्टर अर्धा भरला की हवा बरीच कमी होते. म्हणून हिशेबापेक्षा निदान तीस टक्के मोठं घ्या. वरच्या फ्लॅटला ५०० ची दोन मशिनं १,००० च्या एकापेक्षा सोयीची, कारण ती दोन खोल्यांत वाटता येतात आणि एक बंद पडलं तरी काम अडत नाही.

खोली बंद कशी करायची आणि मशिन कुठे ठेवायचं?

यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर.

काम चाललेली खोली आणि राहती खोली यांच्यामध्ये छतापासून जमिनीपर्यंत जाड प्लास्टिकचा कागद ताणून लावा, कडा टेपने चिकटवा. रंगवलेल्या भिंतीवर मास्किंग टेप आधी आणि त्यावर जाड टेप, नाहीतर काढताना रंगाचे पोपडे निघतील. ये-जा करायला चिकटवायची झिप मिळते. ती नसेल तर एकावर एक झाकणारे दोन पडदे, एक डावीकडून अडकवलेला आणि एक उजवीकडून. दाराखालची फट ओल्या चादरीने बंद. मोरीतल्या, बाथरूममधल्या जाळीची झाकणं लावा.

मशिन खिडकीजवळ, पाइप खिडकीतून बाहेर, आणि पाइपभोवतीची जागा प्लायने किंवा थर्माकोलने बंद. ताजी हवा आत यायची वाट मशिनपासून शक्य तितकी लांब, म्हणजे समोरच्या कोपऱ्यात हवी. मग हवा पूर्ण खोली ओलांडून मशिनकडे येते. सगळ्या फटी बुजवून टाकल्या आणि हवेला यायला जागाच ठेवली नाही, तर मशिन नुसतं घुमत राहतं आणि टेप सुटून येते. पाइप शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे तोंड करून सोडू नका. हवा गाळलेली असली तरी भांडण अटळ. जिन्यात किंवा डक्टमध्ये तर अजिबात नाही.

जमलंय की नाही हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. प्लास्टिकचा पडदा कामाच्या खोलीच्या बाजूला पोट काढून फुगला पाहिजे. मग एक उदबत्ती पेटवून राहत्या बाजूने पडद्याच्या फटीपासून वीतभर लांब धरा. धूर सरळ आत ओढला गेला तर काम फत्ते. तो रेंगाळला किंवा तुमच्याकडे आला, तर कुठेतरी एखादी खिडकी किंवा माळ्यावरची झडप उघडी राहिली आहे. सकाळी काम सुरू करताना एकदा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर एकदा, हे रोज करा. प्लास्टिक आणि कामावरचे थिनर पेट घ्यायला वेळ लागत नाही, तेव्हा उदबत्ती बेताने.

गॅस गिझर चालू ठेवला तर चालेल?

नाही. हा प्रश्न कोणी आपणहून विचारत नाही, म्हणून मुद्दाम घातला. मशिन घरातली हवा बाहेर ढकलतं तेव्हा घर मिळेल त्या वाटेने हवा आत खेचतं. त्या वाटांत गॅस गिझरचा धुराचा पाइपही आला. मग बाहेर जायचा धूर, त्यात कार्बन मोनॉक्साइड, उलटा बाथरूममध्ये येतो. या वायूला रंग नाही, वास नाही आणि हेपा त्याला अडवत नाही. निगेटिव्ह एअर चालू असेपर्यंत गॅस गिझर बंद. आंघोळीचं पाणी इलेक्ट्रिक गिझरवर किंवा शेगडीवर तापवा, आणि शेगडी चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा.

एसी चालू ठेवायचा का?

कामाच्या खोलीतला बंद करा आणि आतलं युनिट प्लास्टिकमध्ये गुंडाळा. स्प्लिट एसीची जाळी बारीक धुळीला काहीच अडवत नाही. पुट्टीची धूळ ओलसर कॉइलवर बसली की तिथे लेप तयार होतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात ‘कूलिंगच होत नाही’ ही तक्रार येते. ऑफिसमध्ये सेंट्रल एसी असेल तर परतीच्या हवेच्या जाळ्या आधी बंद करा. नाहीतर एका केबिनची धूळ सगळ्या मजल्यावर पोचते.

पुराचं पाणी घरात आलं होतं. बुरशीसाठी स्क्रबर लावू का?

आधी घर वाळवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला पाणी ओसरल्यावर घरोघरी हाच पेच होता: गाळ निघाला, पण भिंती ओल्याच. ओल्या प्लायवर, गादीवर, जिप्समच्या बोर्डावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला सुरुवात होते. स्क्रबर हवेतले बीजाणू (बुरशीचे सूक्ष्म कण) गाळतो, भिंतीतलं पाणी काढत नाही. ओल राहिली तर बुरशी पुन्हा येणार, मशिन महिनाभर चालवलं तरी.

पावसाळ्यातली आणखी एक अडचण परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाही. कोकणात जुलैत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. तुम्ही निगेटिव्ह एअर लावून खोलीतली हवा बाहेर टाकली की तिच्या जागी तीच दमट हवा आत येते, आणि वाळवणाऱ्या डीह्युमिडिफायरची मेहनत फुकट जाते. म्हणून कामाचे दोन टप्पे करा. बुरशी लागलेला प्लाय, बोर्ड, फुगलेलं प्लॅस्टर काढताना बीजाणू उडतात, तेव्हा पाइप खिडकीबाहेर आणि डीह्युमिडिफायर बंद. काढून झालं, पृष्ठभाग पुसून घेतले की खिडक्या लावा, पाइप काढा, स्क्रबर खोलीतल्या खोलीत फिरवा आणि डीह्युमिडिफायर चालू करा. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली टिकली पाहिजे. ती दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. भिंत आतून वाळल्याशिवाय पुट्टी-रंग करू नका, कंत्राटदाराला गणपतीच्या आत काम संपवायची कितीही घाई असली तरी.

बुरशीवर नुसता रंग मारणं किंवा ब्लीच फवारणं हाही उपाय नाही. मेलेल्या बुरशीचीही अ‍ॅलर्जी होते. ती काढूनच टाकावी लागते.

जुन्या वाड्याचं किंवा चाळीचं काम आहे. वेगळी काळजी काय?

तीन गोष्टी आधी बघा.

जुना ऑइलपेंट: घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत ९० भाग) जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारं-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासायचा नाही, गॅसच्या बत्तीने जाळायचा तर नाहीच. ओला करून खरवडा, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तेवढे दिवस त्यांची सोय दुसरीकडे करा.

सिमेंटचे पत्रे: त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, आणि आपल्याकडे असे पत्रे आजही विकले जातात. अख्खा पत्रा जागेवर असेल तर फारसा त्रास नाही. तो तोडला, कापला, वरून खाली टाकला की तंतू उडतात. पाणी मारून, बोल्ट सोडवून पत्रा सबंध उतरवा.

कबुतरांची विष्ठा: माळ्यावर, डक्टमध्ये, एसीच्या मागे वर्षांची साठलेली. कोरडी खरवडली तर तिच्या धुळीतून बुरशीजन्य संसर्ग आणि फुप्फुसांना अ‍ॅलर्जीची सूज येऊ शकते. भिजवा, मग उचला. कबुतरांना दाणे घालावेत का, हा वाद इथे नको.

रंग आणि पॉलिशचा वास या मशिनने जातो का?

हेपाने नाही. वास म्हणजे वायू, आणि तो हेपातून आरपार जातो. त्याला अ‍ॅक्टिवेटेड कार्बनचा वेगळा फिल्टर लागतो, तोही भरपूर कार्बन असलेला. स्पंजवर काळी पूड शिंपडलेली पातळ चकती फार टिकत नाही. लाकडाच्या मेलामाइन किंवा पीयू पॉलिशच्या वेळी खिडक्या उघडून हवा खेळती ठेवणं जास्त कामाचं.

‘ओझोन मशिन’ने वास घालवून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. ओझोन फुप्फुसांना अपायकारक आहे आणि धुळीवर त्याचा उपयोग शून्य.

फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो का? मजूर ब्लोअर मारून साफ करतात.

हेपावर ब्लोअर मारला की त्याच्या कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. वर पकडलेली सगळी धूळ परत हवेत. तो धुवायचाही नाही. वारंवार बदलायचा तो प्री-फिल्टर. तोडफोडीच्या दिवसांत रोज, कधी दिवसातून दोनदा. तो स्वस्त असतो आणि तोच महागड्या हेपाचा जीव वाचवतो. मशिनवर दाबाचा काटा असेल तर त्यावर लक्ष ठेवा. प्री-फिल्टर नवा घालूनही काटा खाली येत नसेल तर हेपा भरला. बदलताना मशिन बंद, मास्क तोंडावर, आणि जुना फिल्टर जागच्या जागी पिशवीत घालून तोंड बांधून टाकायचा.

मशिन असल्यावर कारागिरांना मास्क कशाला?

कारण ते धुळीच्या तोंडाशी उभे असतात. रुमाल किंवा कापडी मास्क सिलिकाला अडवत नाही. निदान एन९५, किंवा आयएस ९४७३ (मास्कचं भारतीय मानक) आणि एफएफपी२ (त्यातला दर्जा) असं छापलेला मास्क हवा. कोरडं ग्राइंडिंग टळतच नसेल तर बदलता येणाऱ्या फिल्टरचा रबरी मास्क. उकाड्यात मिस्त्री तो गळ्यात अडकवून ठेवतात, हे रोजचं आहे. दर तासाला दहा मिनिटं बाहेर सोडलं, पाणी दिलं तर तो तोंडावर राहतो. मास्कचे पैसे कारागिराच्या मजुरीतून कापणाऱ्या कंत्राटदाराला काम देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत.

दिवसाचं काम संपलं की मशिन लगेच बंद करावं का?

नाही. तासाला सहा वेळा हवा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण जायला साधारण ४६ मिनिटं लागतात, तेही नवीन धूळ उडत नसेल तर. म्हणून शेवटचा हातोडा पडल्यावर तासभर चालू ठेवा. घरच्यांचं वास्तव्य असेल तर रात्रभर मंद वेगावर. आवाज साधारण ६० ते ७० डेसिबल असतो, म्हणजे दार लावून झोपता येतं. सगळं काम संपल्यावर प्लास्टिक काढायच्या आधी भिंती, पंख्याची पाती, खिडक्यांच्या चौकटी वरून खाली पुसून घ्या, मग तासभर मशिन, मग पुन्हा एकदा पुसा आणि शेवटी प्लास्टिक आतल्या बाजूला घडी घालत काढा.

भाड्याने घेताना काय तपासायचं?

हेपावरचा दर्जा आणि तो कधी बसवला ते. शक्य असेल तर खोका उघडायला लावा. गॅस्केट सलग हवं, कागदाच्या घड्यांवर ओरखडे किंवा ओलीचे डाग नकोत. आधी बुरशीच्या किंवा अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामावर वापरलेलं मशिन हेपा न बदलता बाळाच्या खोलीत आणू नये, म्हणून मागचं काम कुठलं होतं ते सरळ विचारा. प्री-फिल्टर किती मिळणार, ते भाड्यात धरलेत की वेगळे, हे लिहून घ्या. आयात मशिन असेल तर ते २३० व्होल्टचं आहे ना ते पाटीवर वाचा. ११० व्होल्टचं मशिन आपल्या सॉकेटला लावलं की मोटर गेलीच. पाइपची लांबी खिडकीपर्यंतचं अंतर मोजून मागा, जास्तीचा पाइप गुंडाळून ठेवला की हवा कमी होते. आणि मशिन घरात घेण्यापूर्वी जिन्यातच एक मिनिट चालवून बघा: मागून धूळ आली, तर तिथूनच परत पाठवा.